श्रद्धेतून राजकीय मत कसे घडते : गोव्यातील ख्रिस्ती मतदारासाठी आणि त्याच्या शेजाऱ्यासाठी

गोव्यात निवडणूक जवळ आली की वर्तमानपत्रांच्या स्तंभांपासून तिठ्यावरच्या गप्पांपर्यंत एक प्रश्न हमखास विचारला जातो : यंदा चर्च कोणाच्या बाजूने आहे? या प्रश्नामागे असे गृहीत असते की ख्रिस्ती माणूस आपले राजकीय मत स्वतः बनवत नाही, ते त्याला रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, सांगितले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याच्या लोकसंख्येत सुमारे २५ टक्के लोक ख्रिस्ती आहेत आणि त्यांपैकी बहुसंख्य कॅथलिक आहेत. राज्यातल्या चौथ्या हिश्श्याच्या नागरिकांविषयी असे गृहीत धरणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. शिवाय चर्चची स्वतःची शिकवण या बाबतीत नेमके उलट सांगते, आणि ती शिकवण खुद्द ख्रिस्ती घरांतही फारशी वाचली जात नाही. तिचा गाभा एवढाच आहे की श्रद्धा माणसाला कसोट्या देते. त्या कसोट्या लावून निर्णयापर्यंत पोहोचण्याचे काम ज्याचे त्याला वस्तुस्थिती पाहून, विचार करून आणि आपल्या सदसद्विवेकबुद्धीला साक्षी ठेवून करावे लागते.

आधी बायबलकडे वळतो. येशूला एकदा विचारले गेले की रोमन सम्राटाला कर द्यावा की नाही. तो सापळा होता, कारण ‘द्या’ म्हटले तर जनता बिथरणार आणि ‘देऊ नका’ म्हटले तर रोमन अधिकारी पकडणार. येशूने नाणे मागवले, त्यावर कोणाची प्रतिमा आहे असे विचारले, आणि कैसराचे ते कैसराला व देवाचे ते देवाला द्या असे उत्तर दिले. हा प्रसंग मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २२ व्या अध्यायात आहे. धर्म देवळात ठेवावा आणि राजकारण बाहेर, असा त्याचा अर्थ आज सर्रास लावला जातो. परंतु ज्यांनी हे उत्तर प्रथम ऐकले त्या यहुदी श्रोत्यांना उत्पत्तीच्या पुस्तकातले पहिले पानही पाठ होते, आणि तिथे मनुष्य देवाच्या प्रतिमेत निर्माण झाला असे सांगितले आहे. नाण्यावर कैसराची प्रतिमा आहे म्हणून नाणे त्याला द्यावे. पण माणसावर देवाची प्रतिमा आहे, म्हणून माणूस संपूर्णपणे कोणत्याही कैसराच्या मालकीचा होऊ शकत नाही. राज्यसत्तेला मान आहे आणि तिला मर्यादाही आहे, हे दोन्ही या एका उत्तरात आले आहे.

हीच दुहेरी भूमिका बायबलमध्ये अन्यत्रही दिसते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १३ व्या अध्यायात संत पौल अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्यास आणि कर भरण्यास सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या ५ व्या अध्यायात मात्र उपदेश बंद करण्याचा हुकूम मिळाल्यावर पेत्र आणि त्याचे सोबती स्पष्टपणे उत्तर देतात की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानणे आम्हांला भाग आहे. जुन्या करारात शमुवेल लोकांना बजावतो की राजा मागाल तर तो तुमचे मुलगे, तुमची शेते आणि तुमच्या पिकाचा दशांश घेईल. नाथान संदेष्टा तर दावीद राजाच्या तोंडावर त्याचा गुन्हा सांगतो. सत्ताधाऱ्याच्या आज्ञापालनाचा उतारा फक्त आपला पक्ष सत्तेवर असताना आठवणे आणि संदेष्ट्यांचे उतारे फक्त विरोधात असताना आठवणे, ही खोड टाळायची असेल तर हे सगळे उतारे एकत्रच वाचावे लागतात.

गोव्यातल्या ख्रिस्ती वाचकाने माझ्या मते सर्वाधिक वेळ यिर्मयाच्या २९ व्या अध्यायावर घालवायला हवा. बाबेलमध्ये बंदिवान म्हणून नेलेल्या यहुद्यांना यिर्मया पत्र पाठवतो : घरे बांधा, बागा लावा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्या नगराचे हित पाहा, कारण त्याच्या हितातच तुमचे हित आहे. ते नगर त्यांच्या धर्माचे नव्हते. गोव्यातला ख्रिस्ती माणूस मात्र बंदिवान नाही, तो इथलाच भूमिपुत्र आहे, तेव्हा संपूर्ण नगराचे हित पाहण्याचे बंधन त्याच्यावर अधिकच येते. आपल्या जमातीला काय मिळाले, एवढाच हिशेब मांडून केलेले मतदान या उताऱ्यापुढे टिकत नाही.

या शास्त्रवचनांवरून आधुनिक समाजासाठी सूत्रे तयार करण्याचे काम कॅथलिक चर्चने गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत केले. कारखानदारीच्या काळात कामगारांची जी दैना झाली होती तिच्याविषयी पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक, म्हणजे चर्चला उद्देशून शिकवणीचे पत्र, काढले, आणि योग्य वेतनाचा व संघटना करण्याचा कामगाराचा हक्क मान्य करतानाच खाजगी मालमत्तेचा हक्कही मान्य केला. त्यानंतर १९३१, १९६३, १९६७ आणि पुढे २०१५ व २०२० अशी परिपत्रके येत गेली. त्यांतून चार सूत्रे पुढे आली. पहिले प्रत्येक माणसाच्या प्रतिष्ठेचे. ती त्याने कमावलेली नसते, म्हणून कोणी काढूनही घेऊ शकत नाही. दुसरे सर्वांच्या हिताचे. तिसरे एकमेकांचा भार उचलण्याचे, ज्यात गरिबाचा विचार सर्वांत आधी येतो. चौथ्या सूत्राबद्दल फार कमी बोलले जाते : जे काम लहान संस्था नीट करू शकते ते मोठ्या संस्थेने हिरावून घेऊ नये, आणि लहान संस्थेला जे झेपत नाही त्यात मोठीने मदत करावी. गावाच्या डोंगरउताराचे रूपांतर वसाहतीसाठी करण्याचा निर्णय पणजीत बसून व्हावा की ग्रामसभेत, या वादाचा या सूत्राशी थेट संबंध आहे. म्हणून ग्रामसभेला हजर राहणे हाही माझ्या दृष्टीने श्रद्धेचाच भाग आहे.

आता खरी अडचण सुरू होते. सूत्रे माहीत झाली म्हणजे मत तयार झाले असे होत नाही. रापणकारांचे उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या किनाऱ्यावरचे आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभे राहून अनेक हातांनी ओढण्याचे लांबलचक जाळे. शासनाच्या प्रोत्साहनाने ट्रॉलर आले, ते किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात तळ खरवडत मासे ओढू लागले, आणि रापणीला लागणारे मासे कमी होत गेले. १९७० च्या दशकात माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकारांचे मोठे आंदोलन उभे राहिले. त्यातून १९८० साली सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा झाला, आणि त्याखाली किनाऱ्यालगतचा पट्टा यांत्रिक बोटींना बंद करण्यात आला.

या वादात ख्रिस्ती माणसाने काय करावे, हे बायबलमध्ये शोधून सापडणार नाही. गरिबाचा विचार आधी करा हे सूत्र रापणकाराच्या बाजूने झुकते. परंतु ट्रॉलरवर राबणारा खलाशीही गरीबच असतो, ट्रॉलर घेण्यासाठी कर्ज काढलेले कुटुंबही रस्त्यावर यायला नको, आणि शहरातल्या सामान्य माणसाला परवडणारे मासे मिळणे हेही सर्वांच्या हितातच मोडते. दोन्ही बाजूंना ख्रिस्ती होते, दोन्ही बाजूंना हिंदू होते, आणि सगळेच आपापल्या देवाला नमस्कार करून समुद्रात उतरत होते. मग निर्णय कशाने करायचा? मासे कुठे वीण घालतात, जाळ्याचा आस, म्हणजे भोक, किती बारीक आहे, पट्टा किती रुंद ठेवला तर कोणाचे किती नुकसान होते, आणि केलेला नियम समुद्रावर पाळला जातो की नाही यावर नजर कोण ठेवणार, ही माहिती असल्याशिवाय प्रामाणिक मत बनूच शकत नाही. श्रद्धेने इथे दोन गोष्टी केल्या : या प्रश्नाकडे नुसते बाजारभावाच्या दृष्टीने पाहू दिले नाही, आणि ज्याचा आवाज सर्वांत क्षीण आहे त्याचे म्हणणे आधी ऐकायला लावले. पट्ट्याची रुंदी ठरवणे तिचे काम नव्हते. म्हणूनच, तीच श्रद्धा मनापासून मानणारे दोघे जण या रुंदीविषयी वेगवेगळ्या मतांवर आले तर त्यांपैकी एकाची श्रद्धा खोटी ठरत नाही.

खाणींचा प्रश्न याहून कठीण आहे, कारण तिथे सूत्रेच एकमेकांसमोर उभी राहतात. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खनिजाचे उत्खनन थांबले. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतल्या ट्रकमालकांचे, बार्जवरच्या कामगारांचे आणि गॅरेजवाल्यांचे उत्पन्न बुडाले. कामगाराच्या पोटाचा विचार करा, असे १८९१ चे परिपत्रक सांगते. पोप फ्रान्सिस यांचे २०१५ चे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक सांगते की पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश एकत्रच ऐकावा. ज्यांच्या विहिरी आटल्या आणि ज्यांच्या भातशेतात खनिजाचा गाळ साचला तेही गरीबच आहेत. इथे एकच परिपत्रक हातात धरून घोषणा देणारा माणूस निम्मी शिकवण सांगत असतो. माझे मत असे की नियमभंग करून चाललेले उत्खनन थांबणे योग्यच होते. परंतु ते थांबवताना कामगारांच्या पुढच्या वर्षांची तजवीज झाली नाही ही मोठी चूक होती, आणि ज्यांनी बंदीचे स्वागत केले त्यांनी ही तजवीज तितक्याच जोराने मागायला हवी होती.

यावर कोणी विचारील, की मग सगळेच प्रश्न असे खुले आहेत का? नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ मध्ये आधुनिक जगातील चर्चविषयी जो दस्तऐवज संमत केला, त्याच्या २७ व्या परिच्छेदात मानवी जीवनाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करणाऱ्या गोष्टींची यादी आहे. तीत खून, वंशसंहार, गर्भपात आणि दयामरण आहे, तसाच छळ, मनमानी तुरुंगवास, गुलामगिरी, माणसांची खरेदी-विक्री, माणसाला न शोभणारी राहणी आणि कामगाराला नफ्याचे साधन समजणारी कामाची परिस्थितीही आहे. ही यादी कोणत्याही एका पक्षाला सोयीची नाही. ती पूर्ण वाचणाऱ्या माणसाला आपल्या आवडत्या पक्षाविषयी अस्वस्थ करणारे काही ना काही तीत सापडतेच, आणि पक्ष निवडल्यानंतरही ती अस्वस्थता मनात ठेवणे हेच त्या यादीचे काम आहे असे मला वाटते.

मत ठरवण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी त्याच दस्तऐवजाचा ४३ वा परिच्छेद बोलतो. ऐहिक व्यवस्था हे प्रापंचिकांचे, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य ख्रिस्ती माणसांचे, क्षेत्र आहे, प्रत्येक प्रश्नाचे तयार उत्तर धर्मगुरूकडे असेल असे त्यांनी समजू नये, आणि मतभेद असताना चर्चचा अधिकार आपल्याच मताच्या बाजूने वापरण्याची कोणालाही मुभा नाही, असे त्यात म्हटले आहे. चर्चच्या अंतर्गत कायद्याचे, म्हणजे १९८३ च्या कॅनन कायद्याचे, २८५ वे कलम धर्मगुरूंना राज्यसत्तेचा वापर करावा लागेल अशी सार्वजनिक पदे स्वीकारण्यास मनाई करते. २८७ वे कलम पक्षांच्या राजकारणात सक्रिय भाग घेऊ नये असे सांगते. चर्चच्या हक्कांसाठी किंवा सर्वांच्या हितासाठी वरिष्ठांना गरज वाटली तर तेवढा अपवाद त्यात ठेवला आहे. आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने जातो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२३ वे कलम धर्माच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट आचार मानते, आणि अमुक उमेदवाराला मत दिले किंवा दिले नाही तर देवाचा कोप होईल अशी भीती मतदाराला घालणे हाही. तेव्हा एखाद्या विगाराने, म्हणजे गावच्या चर्चच्या धर्मगुरूने, व्यासपीठावरून लाचखोरीविरुद्ध, द्वेषाविरुद्ध किंवा डोंगर कापण्याविरुद्ध बोलणे हे त्याचे कर्तव्यच आहे. उमेदवाराचे नाव घेणे मात्र त्याच्या अधिकारात बसत नाही.

ही सीमा इतकी जपावी लागते, त्याचे कारण गोव्याच्या इतिहासात आहे. पोर्तुगीज राजवटीत क्रूस आणि राजदंड एकत्र चालले. १५६० ते १८१२ या काळात, मधला थोडा खंड सोडता, इथे धर्मसमीक्षण सभा चालली, म्हणजेच इन्क्विझिशन. तिच्या छळाची आठवण मराठी वाचकाच्या मनात आजही ताजी आहे, आणि ख्रिस्ती माणसाने ती नाकारण्याचे काही कारण नाही. सत्तेच्या आश्रयाने श्रद्धा पसरवू पाहिली की शेजाऱ्याचा छळ होतो आणि श्रद्धाही बाटते, हा त्या काळाचा धडा आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीनेही १९४० मध्ये व्हॅटिकनशी करार करून स्वतःला धर्मरक्षक म्हणवून घेतले. तरीही याच भूमीत १७८७ मध्ये कांदोळीच्या पिंटोंच्या उठावात ख्रिस्ती धर्मगुरूच राजवटीविरुद्ध कट करताना दिसतात. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन केली आणि पुढे पोर्तुगालमध्ये कैद भोगली. १९४६ मध्ये राममनोहर लोहिया गोव्यात आले ते असोळण्याच्या डॉ. जुलियांव मिनेझिस यांचे पाहुणे म्हणून. राजाचा धर्म आणि आपला धर्म एक आहे म्हणून राजा न्यायी ठरत नाही, हे या माणसांनी ओळखले होते. धार्मिक स्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे असे चर्चने अधिकृतपणे जाहीर केले ते ७ डिसेंबर १९६५ रोजी, म्हणजे गोवा मुक्त झाल्यावर चार वर्षांनी.

मुक्तीनंतरचा सर्वांत मोठा राजकीय निर्णय म्हणजे १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित प्रदेश, म्हणून राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही, किंवा पुढे राजभाषा कोणती असावी, हे प्रश्न बहुतेक ख्रिस्ती घरांत अस्तित्वाचे प्रश्न म्हणून लढवले गेले, आणि मराठीवादी घरांतही तसेच. परंतु ते श्रद्धेचे प्रश्न नव्हते. विलीनीकरणाला विरोध करणाऱ्यांत पुष्कळ हिंदूही होते, आणि मराठीवर मनापासून प्रेम करणारा ख्रिस्ती माणूस कमी ख्रिस्ती ठरत नव्हता. आपल्या ओळखीची भीती आणि आपली श्रद्धा यांची गल्लत होणे मानवी आहे, पण ती गल्लत झाली की विरोधकाशी बोलणेच बंद होते. भारताच्या घटना समितीत याहून धीराचे उदाहरण आहे. समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते आणि अल्पसंख्याकांविषयीच्या उपसमितीचे अध्यक्षही होते, तरी धर्माच्या आधारावर विधिमंडळात राखीव जागा असू नयेत या मताला त्यांनी पाठिंबा दिला. बहुसंख्याकांच्या सद्भावावर विश्वास टाकण्याचा तो निर्णय होता. तो विश्वास सार्थ करण्याची जबाबदारी अर्थातच दोन्ही बाजूंवर येते.

श्रद्धेची कसोटी आपल्याच लोकांना लावणे हे सर्वांत अवघड काम आहे, आणि आज गोव्यात ते स्थलांतरितांच्या प्रश्नावर करावे लागते. बांधकामावर, मासेमारी बोटींवर, हॉटेलांत आणि घरकामाला आलेल्या परप्रांतीयांना ‘घाटी’ म्हणून हिणवणारी भाषा हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही घरांत ऐकू येते. मत्तयाच्या २५ व्या अध्यायात येशू सांगतो की मी परका होतो आणि तुम्ही मला आत घेतले, किंवा घेतले नाही, यावर तुमचा न्याय होईल. शिवाय गोव्याचे ख्रिस्ती स्वतः पिढ्यान्‌पिढ्या परक्या गावी पोट भरत आले आहेत : आधी मुंबईत, मग पूर्व आफ्रिकेत आणि आखाती देशांत, आणि आता पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात. दुसरीकडे, कोमुनिदादच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक मालकीच्या, जमिनीवर होणारी अतिक्रमणे, भरमसाट बांधकामे आणि गावाच्या पाण्यावर पडणारा ताण या खोट्या तक्रारी नाहीत. जमीन जपणे हाही सर्वांच्या हिताचाच भाग आहे. मला यातून निघणारी वाट अशी दिसते की जमिनीचा कायदा सर्वांना सारखाच कडक लावावा, दिल्लीच्या बंगलेवाल्यालाही आणि झोपडीवाल्यालाही, परंतु झोपडीतल्या माणसाविषयी बोलताना त्याची प्रतिष्ठा उतरवणारा एकही शब्द वापरू नये, आणि त्याच्या मुलाला शाळेत व त्याच्या रोग्याला इस्पितळात नाकारू नये. असे म्हणणारा उमेदवार दोन्हीकडची मते गमावू शकतो. म्हणूनच त्याला मतदारांनी मुद्दाम बळ द्यायला हवे.

जातीचेही तसेच. ख्रिस्ती झाल्यावरही गोव्यात जात गेली नाही, आणि उमेदवार ठरवताना तिचा विचार आजही होतो. सर्व माणसे देवाच्या प्रतिमेत निर्माण झाली असे रविवारी म्हणून सोमवारी जातीवरून उमेदवार तोलणे हे पहिल्याच सूत्राचे उल्लंघन आहे, आणि त्यावर अधिक चर्चेची गरज नाही.

मग प्रत्यक्ष मतदानाच्या दिवशी काय करावे? सर्व कसोट्यांना उतरणारा उमेदवार मिळणार नाही हे आधीच मान्य करावे. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २२४० व्या परिच्छेदात कर भरणे आणि मतदान करणे ही नैतिक कर्तव्ये म्हणून नोंदली आहेत, त्यामुळे वैतागून घरी बसणे हा चांगला मार्ग नाही. २०१३ पासून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय मतदान यंत्रावर आहे, आणि सगळेच उमेदवार गंभीर अन्यायाचे समर्थक असतील तर तो प्रामाणिक उत्तर ठरू शकतो. बहुतेक वेळा मात्र कमी नुकसान कोण करील आणि दुर्बळाचे ऐकण्याची शक्यता कोणाकडून अधिक आहे, असा अपुरा निर्णयच घ्यावा लागतो. त्यासाठी उमेदवाराने मागच्या पाच वर्षांत कोणत्या पक्षातून कोणत्या पक्षात उडी घेतली, विधानसभेत कोणते प्रश्न विचारले, आपल्या मतदारसंघातल्या जमीन रूपांतरणांवर तो काय बोलला, हे पाहावे. आपल्या मताच्या विरुद्ध असलेले एक तरी वर्तमानपत्र नियमित वाचावे, आणि ज्या शेजाऱ्याचे मत वेगळे आहे त्याला त्याची कारणे विचारावीत. सदसद्विवेकबुद्धी ही अशा सवयींनीच घडते. आणि ज्याला निवडून दिले त्याला पुढच्या ग्रामसभेत उभे राहून पहिला प्रश्न विचारणारी माणसे त्याच्याच मतदारांतली असली, तर तो त्या प्रश्नाला विरोधकांचा कांगावा म्हणून झटकू शकत नाही.